कडी आतून होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल कदाचित. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे हो — आणि तेच तर अवघड झालंय.

तसं माझं आयुष्य सुखाचं गेलं, हे आधीच सांगून टाकते. रडगाणं ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल तर उठलात तरी चालेल. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो, राहुरीच्या अलीकडे. माझे यजमान कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, आणि मी कॉलनीतल्या प्राथमिक शाळेत बाई. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे एक पायरी, मागे परसात नळ. गळीत हंगाम सुरू झाला की सगळ्या कॉलनीवर मळीचा आणि उकळत्या रसाचा वास पसरायचा. धुतलेल्या कपड्यांना तोच वास, पोरांच्या केसांना तोच वास. आणि अशा जागी, साखरेच्या पोटात बसून म्हणा ना, आम्ही पाच बायकांनी वजन उतरवायचं ठरवलं होतं!

हसू नका. हौस नव्हती ती. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते, तिरसट पण मनाने चांगले. त्यांनी एकेकीला धरून सांगितलं होतं. देशपांडेकाकूंचे गुडघे, माझी साखर, आणि शालनचं ब्लडप्रेशर. शालनचं जास्तच. तिसऱ्या बाळंतपणात ती जेमतेम वाचली होती. डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले होते की हिचं वजन उतरलं तर ही तुमच्या पोरांची लग्नं बघेल, नाहीतर मला विचारायला येऊ नका. असं तोंडावर! नवरा कारखान्यात फिटर, भला माणूस. बाहेर येऊन तिथल्या तिथं लिंबाखाली मटकन बसला म्हणे.

शालन पाथर्डीकडची. दहा वर्षं कॉलनीत राहूनही तिची बोली तसूभर बदलली नव्हती. मी तिच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी, पण मी शिकलेली, शाळेतली बाई, म्हणून ती मला ताई म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी तिला अगं-तुगं. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं.

वजन उतरवणं त्यामानाने सोपं गेलं. एक वर्ष आम्ही पहाटे कालव्याच्या कडेने चाललो, भात सोडला, चहातली साखर सोडली — साखर कारखान्याच्या माणसांनी! दर रविवारी दुपारी कॉलनीतलं ग्राहक भांडार बंद झालं की काकू किल्ली घेऊन यायच्या, कारण त्यांचे यजमान तिथले मॅनेजर. आम्ही पोती मोजायच्या काट्यावर एकेक करून उभ्या राहायचो. दांडीवरचं वजन सरकवायचं काम माझं. शालन काट्यावर चढताना दर वेळी म्हणायची, ‘बघा ताई, पोतं उतरलं का न्हाई?’ आणि आम्ही पाचही जणी पदर तोंडाला लावून हसायचो. वर्षभरात मी सतरा किलो उतरले, शालन चौदा. डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसेना.

पण उतरलेलं राखणं — ते महाकठीण! तुम्ही कधी केलंय? मग तुम्हाला माहीत असेल. पहिल्या वर्षी अंगात जोर असतो. दुसऱ्या वर्षी तेच अंग, तीच भाकरी, तीच सासू, तीच पोरं, आणि कौतुक करायला कुणी नाही. घरात काही बिनसलं की हात आपसूक डब्याकडे जातो. भूक नसतेच ती. नवरा खेकसला, पोराला ताप आला, नणंदेचं पत्र आलं की लागला डबा हाताला. आमचं सगळ्यांचं दुखणं तेच होतं.

त्यावर औषध सापडलं ते शालनमुळे, आणि तेही अगदी अचानक. एकदा भर दुपारी ती तुरीच्या डाळीचं ताट घेऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, ‘ताई, जरा निवडत बसू का हितं?’ मी अर्धी डाळ माझ्या ताटात घेतली आणि दोघी पायरीवर निवडत बसलो. तासभर ती मान खाली घालून निवडत राहिली. मग खडे फेकून दिले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, ‘सासूसंगं वाजलं. घरी ऱ्हायले आसते तर टोपलंभर भाकरी खाल्ली आसती बघा.’

झालं, तेव्हापासून आमची रीतच पडली. जिच्या मनात खायचं भूत उठेल तिनं धान्याचं ताट घ्यायचं आणि मैत्रिणीचं दार गाठायचं. जिच्या दारात ताट येईल तिनं हातातलं काम टाकून अर्धं धान्य आपल्या ताटात घ्यायचं. आणि एक नियम — काय झालं ते विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर निवडत राहायचं. दोन्ही हात गुंतलेले, नजर खाली, शेजारी माणूस. खाणार कशी आणि कधी? बायका निवडायला बसल्यात म्हटल्यावर सासवाही काही बोलत नसत. पुढे पुढे डाळ-तांदूळ इतके निवडून झाले की निवडायला काही उरेना. मग काकूंनी निवडलेले खडे एका डबीत जपून ठेवले, आणि गरज पडेल तिनं मूठभर धान्यात मिसळून न्यायचे! खड्यांची ती डबी पाच घरांत फिरायची. तुम्हाला वेडेपणा वाटेल. आम्हाला त्या वेडेपणानं शहाणं ठेवलं.

मग दुष्काळ पडला. बाहेर गावंच्या गावं खडी फोडायला जात होती, जनावरं छावणीत होती, आणि रेशनवर ती लाल मिलो ज्वारी. आम्ही वजन राखतोय हे मोठ्यानं बोलायचीही लाज वाटायची. खडे मात्र आता उसने आणावे लागत नव्हते, मिलोत हवे तेवढे यायचे. आमची पहाटेची चाल बंद झाली, कारण त्याच रस्त्यानं माणसं कामावर जायची. त्यांच्यासमोर चरबी उतरवायला कुठल्या तोंडानं चालायचं? पण निवडणं चालू राहिलं. त्या वर्षी तर ताटं रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात असायची.

आणि बहुतेक माझ्याच दारात. हे नीट ऐका, कारण माझा दोष इथून सुरू होतो. सगळ्या माझ्याकडे यायच्या. मी ताई. मी शांत, मी ठाम, माझा काटा दोन वर्षांत हललेला नाही. काकूंसारखी वयानं मोठी बाई माझ्या पायरीवर बसून डोळे पुसायची, आणि मला — खरं सांगते — बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. दोन वर्षांत माझं ताट एकदाही कुणाच्या दारात गेलं नाही. मला गरज पडत नव्हती? अहो, कितीदा तरी! ताट हातात घेऊन मी चौकटीपर्यंत यायची आणि परत फिरायची. ताईनं कुणाच्या पायरीवर जाऊन बसायचं? छे! मग मी ओठ घट्ट मिटून शाळेच्या वह्या तपासायची. बहुतेक वेळा त्यानं भागायचं.

एका शनिवारी भागलं नाही.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. शनिवारची सकाळची शाळा, आणि त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते. वर्गात निम्मी पोरं नव्हती. जवळच्या वस्त्यांवरची पोरं आईबापांबरोबर कामावर गेली होती, हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी मला चौथीच्या वर्गासमोर उभं करून हजेरीपट वाचायला लावला. एकेका नावाला विचारत होते, ‘हा कुठंय? ही कुठंय?’ उरलेली पोरं माझ्याकडे बघत होती. पोरांपुढे असा पाणउतारा! मी रडले नाही. ताठ मानेनं घरी आले. यजमान पाळीवर, मुलं शेजारी कॅरम खेळायला गेलेली. पुढच्या दाराची कडी आतून लावली आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

फळीवर गुळपोळ्यांचा डबा होता. सासरी पाठवायला केलेल्या होत्या. कुणी जाणारं भेटलं नव्हतं म्हणून डबा तसाच राहिला होता. उभ्याउभ्या पहिली खाल्ली. तूपही घेतलं नाही. कोरडीच — तीळ दातांत अडकत होते, गूळ टाळूला चिकटत होता, आणि मी दुसरी घेतली. तिसरी. ताट घेऊन शालनकडे जावं असं मनात आलं का? आलं. चार दारं पलीकडे तर होती ती. मी चौथी घेतली.

तेवढ्यात पायरीवर बांगड्या वाजल्या. ताटातलं धान्य हलल्याचा आवाज आला. तो आवाज मी हजारांत ओळखला असता. ‘ताई,’ शालन म्हणाली. ‘ओ ताई.’

माझ्या तोंडात घास होता. हातात अर्धी पोळी. चार पावलांवर दार.

तिनं कडी हलवली. ‘ताई, हायसा का घरात?’ आवाज नेहमीचा नव्हता. काहीतरी मोठं घडलंय हे मला त्या एका हाकेवरून कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोयच नाही. मी काय करायला हवं होतं? चूळ भरून दार उघडायचं. नाहीतर चूळही न भरता, तिळाच्या तोंडानं उघडायचं आणि म्हणायचं, ये बाई, माझंही आज हेच झालंय. काय बिघडलं असतं? ती खदखदून हसली असती आणि दोघी निवडत बसलो असतो.

मी हलले नाही. श्वास रोखून उभी राहिले. घास गिळला नाही की थुंकला नाही, कारण दोन्हीचा आवाज झाला असता.

ती गेली नाही. पायरीवर बसली. आणि एकटीच निवडायला लागली. आतून मला ऐकू येत होतं. ताटात बोटं फिरल्याचा आवाज, मग खडा पायरीवर पडल्याचा टक् असा आवाज. परत बोटं, परत टक्. मी येईन म्हणून ती वाट बघत होती. आणि मी भिंतीला टेकून, दाराच्या अलीकडे, तिच्या पाठीपासून चार पावलांवर उभी. किती वेळ? अर्धा तास असेल. जास्तही असेल. मग नाक ओढल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि ती गेली.

ती गेल्यावर मी आणखी तीन पोळ्या खाल्ल्या. हेही सांगायलाच हवं.

मग दार उघडलं. पायरीवर खड्यांची एवढीशी रास होती. कडेला, नीट गोळा करून ठेवलेली, कुणाच्या पायाला बोचू नयेत म्हणून. मी ती उचलून परसात टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार, काट्याचा दिवस. शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. भांडारात आम्ही पाचही जमलो तशी शालन काट्यावर चढलीच नाही. तिनं हात जोडले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तिचा भाऊ आला होता पाथर्डीहून. खडीच्या कामावर आईच्या पायावर दगड पडला होता, पाय पिचला होता. भाऊ सांगून आल्या पावली परत गेला, तिला नेलंही नाही. ‘माय तिकडं उपाशी दगड फोडती,’ ती म्हणाली, ‘अन् मी हिकडं खाऊ नये म्हनून झटतेय! डोकं फिरलं बघा माझं. घरी आले अन् टोपल्यातल्या समद्या भाकरी काकवी लावून खाल्ल्या. लेकरांसाठी एक ठिवली न्हाई. लेकरं खेळून आली तर टोपलं रिकामं.’ ती रडत नव्हती. कोर्टात उभं राहून सांगावं तसं सांगत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ताईंच्या दारात गेल्ते. ताई घरात न्हवत्या. ताई घरात आसत्या तर म्या एक घास सुदीक खाल्ला नसता.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, ‘अगं, तपासणीचे कागद राहिले होते. मागच्या दाराला कुलूप लावून परत शाळेत गेले होते.’

किती सहज निघालं हो तोंडातून! कडी आतून का होती याचं उत्तर मी रात्रीच तयार करून ठेवलं होतं. वर मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘चुकतं माणूस,’ असंही म्हणाले. मग मी काट्यावर चढले. काटा जिथल्या तिथं. काकू म्हणाल्या, ‘बघा, शिका काहीतरी ताईकडून.’ आणि शालननं मान डोलावली.

त्यानंतर शालन आमच्यात येईनाशी झाली. लाज वाटायची तिला. ताईंसारखं आपल्याच्यानं व्हायचं न्हाई, असं नवऱ्याला म्हणाली. दीड महिन्यात चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि तिच्या नवऱ्याला पुन्हा बोलावून घेतलं. फिटरनं हे काकूंना सांगितलं, काकूंनी आम्हाला. तो सांगताना रडला, असं काकू म्हणाल्या. तीन लेकरं होती हो तिची. धाकटं अजून शाळेतही जात नव्हतं. ते ऐकून मी घरी आले, मिलोचं ताट भरलं आणि शालनच्या दारात जाऊन उभी राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

ती घाबरलीच. ‘ताई, तुमी?’ मी ताट पुढे केलं. तिनं नियमाप्रमाणे विचारलं नाही. आपलं ताट आणलं, माझी अर्धी ज्वारी घेतली आणि आम्ही निवडत बसलो. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी परत. महिनाभर रोज गेले. हळूहळू बाकीच्याही यायला लागल्या. भर उन्हाळ्यात शालन पुन्हा काट्यावर चढली, पाऊस पडेपर्यंत पहिल्या वजनावर आली. तिची आईही लंगडत का होईना, चार महिन्यांनी लेकीकडे राहून गेली आणि आमच्यात निवडायला बसली. काय सुंदर दिवस होते ते! खरंच होते. तेवढं एक सोडलं तर त्या पायऱ्यांवर मी जितकी हसले तितकी नंतर कुठंच हसले नाही.

पण सगळ्या कॉलनीत काय झालं? तर ताईंनी शालनला परत आणलं. एवढी शाळेतली बाई, पण रोज ताट घेऊन फिटरच्या दारात जायची. फिटर माझ्या पाया पडायला आला होता. मी पडू दिलं नाही — तेवढी लाज शिल्लक होती. पण खरंही सांगितलं नाही. मी तिच्यासाठी जात होते? थोडी तिच्यासाठीही. पण त्या शनिवारपासून माझाच हात रोज डब्यात जात होता. मला निवडायला शेजारी कुणीतरी हवं होतं. तिनं मला सावरलं, आणि तिला वाटलं मी तिला सावरतेय. विचारायचं नाही या नियमानं मला वाचवलं. सगळ्यांसाठी केलेला तो नियम, मी त्याच्याआड दडून बसले.

आता मी सावेडीला मुलाकडे असते. काकू गेल्या. शालननं तिन्ही पोरांची लग्नं बघितली, नातवंडंही बघितली. डॉक्टरांचा शब्द खरा केला तिनं. ती अजून वर्षातून एकदा एसटीनं येते, संक्रांतीनंतर, तिची काठी आणि डबा घेऊन. डब्यात गुळपोळ्या असतात. माझ्यासाठी खास. ‘ताईंनी उभ्या जल्मात गुळपोळी मोजून खाल्ली,’ असं ती माझ्या सुनेला सांगते, ‘आता म्हातारपनी तरी खाऊ द्या.’ मग ती आणि मी गॅलरीत तांदळाचं ताट घेऊन बसतो. हल्ली पाकिटातल्या तांदळात खडे नसतात, तरी बसतो. आणि दर वर्षी ती तीच गोष्ट सांगते. सुनेला सांगते, नातीला सांगते, शेजारीण आली तर तिलाही. ताई त्या दिवशी घरात असत्या तर.

या वर्षीही सांगितली. नात म्हणाली, आजी, किती भारी होतीस गं तू! शालननं कौतुकानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तिनं आणलेली अर्धी गुळपोळी खाल्ली, अर्धी बाजूला ठेवली, आणि तांदूळ निवडत राहिले.

त्या शनिवारी मी घरात होते, शालन. तुझ्या पाठीमागेच होते.